मारका कोंबडा: माणसाळवावा, वेगळा ठेवावा की काढून टाकावा?

परसात आठ-दहा गावरानी कोंबड्या पाळणाऱ्या घरात नर माणसांच्या अंगावर येऊ लागला की तीन मार्ग उरतात: त्याला हाताळून माणसाळवणे, कोंबड्यांपासून वेगळा करून जाळीत ठेवणे, किंवा घरातून काढून टाकणे. नागपूरच्या बेसा भागातील आमच्या घरी यांपैकी पहिल्या दोन मार्गांचा प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे, आणि तिसऱ्याची चौकशी आठवडी बाजारात व ओळखीच्या पाळणाऱ्यांकडे पुरेशी केली आहे. पाच-सहा महिन्यांचा नर नुकताच बांग देऊ लागला असेल आणि त्याच सुमारास तो पायांवर झेप घेऊ लागला असेल, तर हा आढावा उपयोगी पडावा.

काठीने बदडून वठणीवर आणणे हा मार्ग मी तुलनेत धरलेलाच नाही. वयात आलेला कोंबडा माणसाला प्रतिस्पर्धी नर समजून अंगावर येतो. त्याला लाथ किंवा काठी बसली की त्याच्या लेखी झुंज लागली, आणि माणूस पळाला की झुंज जिंकली. दोन्ही प्रसंगी तो दुसऱ्या दिवशी अधिक जोमाने येतो. मुके जनावर आपल्या स्वभावाप्रमाणे वागत असताना त्याला मारणे मनालाही पटत नाही.

माणसाळवण्याची पद्धत सोपी आहे, मात्र तिला चिकाटी लागते. हल्ल्यापूर्वी कोंबडा आपला इरादा स्पष्टपणे दाखवतो. तो सरळ न येता तिरका चालत येतो, माणसाकडील पंख खाली सोडून जमिनीवर घासत दोन-चार पावले टाकतो, मध्येच काही वेचत असल्यासारखा चोच मातीत आपटतो आणि मग मानेची पिसे छत्रीसारखी फुलवतो. या क्षणी मागे सरायचे नाही आणि पाठही फिरवायची नाही. जाड पँट व बूट घालून जागेवर ठाम उभे राहायचे, तो जवळ आला की दोन्ही पंख अंगाशी दाबून त्याला उचलायचे, पाय एका हातात धरायचे आणि काखेत घेऊन परसात फिरायचे. त्याची मान वर ताठ राहिली तर तळहाताने हलकेच खाली करायची. धडपड थांबून मान सैल पडेपर्यंत सोडायचे नाही. कोंबड्यांच्या देखत हे होणे अधिक परिणामकारक असते, असे जुने पाळणारे सांगतात आणि माझाही अनुभव तसाच आहे. पायामागच्या काट्याचे टोक कानशीने घासून बोथट केले तर इजेची भीती बरीच कमी होते. पण काट्याच्या आत हाड आणि रक्तवाहिन्या असतात, म्हणून टोकापलीकडे जाऊ नये.

या पद्धतीने आमचा कोंबडा खरोखरच सुधारला. मी दाणे घेऊन गेलो की तो बाजूला होत असे, माझ्या वाटेत आडवा येत नसे, आणि कणी टाकल्यावर कोंबड्यांना हाका मारून स्वतः मागे उभा राहत असे. खर्च काहीच नाही, परसात त्याचा वावर मोकळा, कोंबड्यांचा क्रमही बिघडत नाही. इतक्यावर निर्णय घ्यायचा असता तर मी याच मार्गाची शिफारस केली असती.

परंतु माणसाळलेला कोंबडा केवळ त्याच माणसापुरता माणसाळतो, ज्याने त्याला उचलून फिरवले आहे. माझ्याशी शहाण्यासारखा वागणारा हाच नर आईवर मात्र पूर्वीइतक्याच त्वेषाने धावून जात असे. उन्हाळ्यात आमच्याकडे मागच्या आंगणात वाळवण असते. आई खाटेवर कुरड्या घालण्यासाठी वाकली की तिची पाठ त्याच्याकडे होई, आणि पाठ दिसणे हेच त्याला निमंत्रण असे. कपडे वाळत घालताना पत्नीला दोरीपर्यंत सूप हातात घेऊन जावे लागे. भांडी घासायला येणाऱ्या ताईंनी मागच्या मोरीवर बसण्यास नकार दिला, आणि तो अगदी योग्य होता. प्रत्येकाने कोंबड्याला स्वतंत्रपणे उचलून आपला वचक बसवावा, असे तत्त्वतः सांगता येते. पण साडी नेसलेल्या सत्तरीच्या आईला पायांवर उडणारा चार किलोचा पक्षी झेलायला कोणत्या तोंडाने सांगावे? शिवाय घरी येणारा प्रत्येक पाहुणा, मीटर पाहायला येणारा कर्मचारी, शेजारचा चेंडू आणायला आलेला मुलगा, हे सारे त्याच्या दृष्टीने नवे प्रतिस्पर्धीच. घरातील एकाच माणसाने कोंबड्यांचे सर्व पाहावे आणि परसात इतर कोणी पाऊल टाकू नये, अशी व्यवस्था असेल तर माणसाळवणे पुरेसे ठरेल. अशी घरे थोडी असावीत, असे मला वाटते. माझ्यापुरता निर्णय याच एका त्रासाने केला.

आता वेगळे ठेवण्याविषयी. अनेकांचा पहिला आक्षेप असा असतो की कोंबड्यांपासून तोडलेला नर पाळायचा तरी कशाला? अंड्यांसाठी नर लागत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण नराचे दुसरे काम राखणीचे असते, आणि ते तो जाळीतूनही करतो. वरून शिक्रा किंवा घार आली तर त्याचा इशारा एका प्रकारचा असतो, आणि जमिनीवरून मांजर किंवा मुंगूस आले तर दुसऱ्या प्रकारचा. कोंबड्या दोन्हींतील फरक ओळखतात आणि त्याप्रमाणे लपतात किंवा सावध उभ्या राहतात. आमच्याकडे त्याची जाळी कोंबड्यांच्या आंगणाला लागूनच आहे. शिक्रा समोरच्या कडुनिंबावर येऊन बसला की त्याचा बारीक, लांबट आवाज निघतो आणि सगळ्या कोंबड्या क्षणात जास्वंदीखाली जातात. ही राखण मला अंगावरच्या हल्ल्यांशिवाय मिळते, आणि या मार्गाकडे माझा कल झुकण्याचे ते मोठे कारण आहे.

दुसरा लाभ कोंबड्यांचा. साधारण आठ-दहा माद्यांमागे एक नर असा हिशेब धरला जातो. आमच्यासारख्या घरी माद्या त्याहून कमी असल्या की त्याच त्या तलंगांवर, म्हणजे तरुण माद्यांवर, तो वारंवार चढतो, त्यांच्या पाठीची पिसे झडतात आणि कातडी उघडी पडते. नर वेगळा केल्यावर पुढच्या पिसझडीत त्यांच्या पाठी पुन्हा भरल्या. पिल्ले काढायची असतील तरीही नर सतत सोबत असण्याची गरज नसते, कारण एकदा जोड लागल्यावर मादीची अंडी सुमारे दोन आठवडे फळतात. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवायची असतील तेव्हा काही दिवस संध्याकाळी, इतर कोणी परसात नसताना, त्याला मोकळा सोडणे पुरते. तथापि स्वभावाचा काही भाग रक्तातून उतरतो, म्हणून माणसांवर येणाऱ्या नराची अंडी मी स्वतः बसवत नाही.

या मार्गाच्या अडचणीही सांगायला हव्यात. जागा लागते आणि खर्च होतो. एका नराला किमान चार फूट बाय सहा फूट जागा असावी. जाळी अर्ध्या इंचाची आणि फूटभर जमिनीत पुरलेली असावी, अन्यथा मुंगसाला वेळ लागत नाही. बांग कमी होत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार बांगेबद्दल असेल तर हा उपाय निरुपयोगी आहे. आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, पत्र्याखाली कोंडलेला पक्षी दगावू शकतो. मोकळी कोंबडी सावली शोधत फिरते, मातीत खड्डा करून बसते. कोंडलेल्या नराला ती सोय आपणच द्यावी लागते. आम्ही जाळी पूर्वेकडच्या भिंतीला, आंब्याच्या सावलीत घेतली आहे, पत्र्यावर तणसाचा थर टाकतो, आणि पश्चिमेच्या बाजूला कुलरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्या बांधून दुपारी त्यांवर पाणी मारतो. मातीच्या परळात दिवसातून दोनदा ताजे पाणी ठेवतो. पहिल्या आठवड्यात तो जाळीच्या कडेने सारख्या येरझाऱ्या घालत असे. कोंबड्या नजरेसमोर असल्यामुळे असेल कदाचित, पण नंतर तो निवळला.

तिसरा मार्ग काढून टाकण्याचा. जे घर मांसाहारी आहे त्यांना कापणे हाच सरळ निर्णय वाटू शकतो आणि त्यात मला वावगे काही दिसत नाही. आमच्या घरी नाव ठेवलेला पक्षी कापला जात नाही, इतकेच. विकण्याबाबत मात्र मला गंभीर हरकत आहे. आठवडी बाजारात मारक्या नराला चटकन गिऱ्हाईक मिळते, आणि ते गिऱ्हाईक नेहमी रश्श्यासाठीच घेते असे नाही. पूर्व विदर्भात, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला, कोंबडा बाजार भरवून, पायाला काती म्हणजे धारदार पाते बांधून झुंजवलेल्या कोंबड्यांवर पैजा लावल्या जातात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्यांना झुंजीस चिथावणे गुन्हा आहे, तरीही हे चालते. ज्याचा रागीटपणा आपल्याला नको, तोच रागीटपणा तिथे दाम वाढवतो. ओळखीच्या शेतावर, जिथे माद्या अधिक आणि जागा मोठी आहे, तिथे द्यावयाचा असेल तर गोष्ट वेगळी. मात्र घेणाऱ्याला त्याचा स्वभाव आधी सांगावा.

काढून टाकल्यावर दुसरा नर आणण्याचा विचार असेल तर आणखी दोन बाबी लक्षात घ्याव्यात. कळपात तरुण नर शिल्लक असेल तर मोठा गेल्यावर तोच डोके वर काढतो. आणि बाहेरून आणलेला पक्षी मानमोडीसारखे रोग घेऊन येऊ शकतो, म्हणून त्याला तीन आठवडे तरी अलग ठेवून, लसीकरण करूनच कळपात सोडावे. नागपूरच्याच गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेल्याचे जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झाले, तेव्हापासून मी बाजारातील पक्ष्याबाबत अधिकच सावध झालो आहे. म्हणजे अलग जाळी या मार्गातही लागतेच; ती बांधायचीच असेल तर घरच्याच नरासाठी का बांधू नये, असा प्रश्न मला पडला.

तरीही एका परिस्थितीत मी वेगळे ठेवण्याचाही आग्रह धरणार नाही. घरात पाच-सहा वर्षांखालील मूल असेल, तर त्याची उंची आणि कोंबड्याची झेप यांत फार अंतर नसते, आणि चोच किंवा काटा थेट डोळ्यापर्यंत पोहोचतो. जाळीचे दार एखाद्या दिवशी उघडे राहणारच. तिथे नर नसलेलाच बरा. तसेच घरातील कोणाला मधुमेह असेल तर काट्याची खोल जखम चिघळू शकते, हेही विचारात घ्यावे. जखम कोणालाही झाली तरी साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे. रेबीजची भीती मात्र नको, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. इतर घरांनी, मागे सावलीची चार बाय सहा फूट जागा असेल तर, आधी जाळी बांधून एक उन्हाळा पाहावा. आणि जाळीचे दार आतल्या बाजूला उघडणारे करावे, म्हणजे दाणे टाकायला जाताना पायाने ढकलून ते लगेच मागे लोटता येते.