डबा टीव्हीवर लिनक्स: जीफोर्स ६२००च्या टीव्ही-आउटसोबत सात महिने

आमच्या घरी एकवीस इंची डबा टीव्ही अजून चालू आहे. आजोबांनी घेतलेला. भिंतीवर एलईडी लावू म्हटलं की आजी म्हणते, "हा बंद पडू दे, मग लाव." आणि तो काही बंद पडत नाही. म्हणून गेल्या दिवाळीत उलटा विचार केला: टीव्ही तोच ठेवायचा आणि कॉम्प्युटर त्याला जोडायचा.

आमच्या सोलापुरात नवी पेठेत एका जुन्या सामानाच्या दुकानात जीफोर्स ६२०० हे एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड साडेतीनशेला मिळालं. मागे व्हीजीए, डीव्हीआय आणि मधे टीव्हीला जोडायचं एस-व्हिडिओचं गोल भोक. पंखा नाही, नुसतं हीटसिंक. मित्राला दाखवलं तर म्हणाला, "काय बे, म्युझियम उघडतोयस काय?" कॉम्प्युटरही त्याच वयाचा आहे, कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम. त्यावर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला.

ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, आधीच सांगतो, म्हणजे कुणाची रात्र वाया जायला नको. या कार्डाला चालणारी एनव्हीडियाची स्वतःची ड्रायव्हर मालिका ३०४ क्रमांकाची. ती २०१७ नंतर पुढे सरकलेली नाही आणि आताच्या एक्स सर्व्हरवर, म्हणजे लिनक्समध्ये पडद्यावर चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालत नाही. तिच्या भरवशावर लिहिलेले जुने सल्ले, म्हणजे एक्सऑर्ग-कॉन्फ या फाइलमध्ये टीव्ही स्टँडर्ड पाल-बी लिहा वगैरे, आता सोडून द्या. कर्नलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत, येणारा नूवो ड्रायव्हर हाच रस्ता. त्याची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो आपणहून पाल ही टीव्ही सिग्नलची पद्धत धरून चालतो. आपल्याकडे १९८२च्या एशियाडपासून रंगीत टीव्ही पाल पद्धतीचाच, त्यामुळे तिथे काहीच करावं लागलं नाही.

तरीही पहिल्या रात्री चित्र आलं ते काळंपांढरं. मी वायरला शिव्या घातल्या, दुसरी आणली, तेच. शेवटी उलगडा झाला. एस-व्हिडिओत उजेडाचा सिग्नल एका तारेवर आणि रंगाचा दुसऱ्या तारेवर जातो. माझ्या टीव्हीला फक्त पिवळी पिन, म्हणजे कंपोझिट, आणि तिथे दोन्ही एकाच तारेतून जावे लागतात. कार्ड बिचारं रंग वेगळ्या तारेवर पाठवत होतं आणि टीव्हीपर्यंत फक्त उजेड पोचत होता. एक्सरँडर या पडद्याच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडमध्ये टीव्ही-१ या आउटपुटला 'सिलेक्ट सबकनेक्टर' नावाची सेटिंग आहे. ती ऑटोमॅटिकवरून कंपोझिटवर नेली आणि पडदा एकदम रंगीत झाला. आजी झोपलेली होती, नाहीतर उठवून दाखवलं असतं.

पहिले दोन महिने एवढ्यावरच भागवलं. पडद्याच्या चारी कडा थोड्या कापल्या जायच्या, खालची पट्टी निम्मी दिसायची, पण पिक्चर बघायला काय फरक पडतो? फरक पडला जानेवारीत. सिद्धेश्वर यात्रेत आजीला आता गर्दीत नेता येत नाही, म्हणून अक्षता सोहळ्याचं थेट प्रक्षेपण या टीव्हीवर लावलं. सातही नंदीध्वज संमती कट्ट्याकडे निघालेले, आजी हात जोडून बसलेली, आणि मधेच म्हणाली, "अरे, ध्वजाचं टोक कुठं गेलं?" खरंच, एवढ्या उंच काठ्या आणि वरचे शेंडे पडद्याबाहेर! जुने टीव्ही चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा काचेच्या चौकटीआड ढकलतात, म्हणजे कडेचा ओबडधोबड भाग दिसत नाही. यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात. दूरदर्शनवाल्यांना ते माहीत असतं, महत्त्वाचं काही ते काठाशी ठेवत नाहीत. मोबाइलवरून प्रक्षेपण करणाऱ्याला काय माहीत? त्याच संध्याकाळी एक्सरँडरमधला 'ओव्हरस्कॅन'चा आकडा मागेपुढे करत चित्र चौकटीत आणलं. कडेला बोटभर काळी पट्टी राहते, ती मंजूर आहे.

आता या सेटअपचा खरा घोळ. तो आपल्या लिपीशी संबंधित आहे, म्हणून सविस्तर लिहितो. डेस्कटॉपवर मराठी काहीही उघडलं की अक्षरांच्या डोक्यावरची शिरोरेषा थरथरायची. अक्षर स्थिर, रेघ मात्र लुकलुक. पालमध्ये एकूण ६२५ ओळी, त्यातल्या चित्राच्या ५७६. त्या एकदम न काढता आधी एक सोडून एक, मग मधल्या, अशा दोन फेऱ्यांत काढल्या जातात. सेकंदाला अशा ५० फेऱ्या. रेघ एकाच ओळीइतकी बारीक असेल तर ती एकाच फेरीत येते, म्हणजे सेकंदाला फक्त पंचवीसदा, आणि डोळ्याला ती फडफड कळते. इंग्रजी अक्षरांत आडव्या रेघा तुटक असतात, त्यामुळे तिथे एवढं जाणवत नाही. आपली शिरोरेषा शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, म्हणून सगळी ओळच नाचते.

उपाय दोन आणि दोन्ही एकत्रच करावे लागतात. 'फ्लिकर रिडक्शन'चा आकडा वाढवला की शेजारच्या ओळी एकमेकींत थोड्या मिसळतात आणि थरथर कमी होते, पण फार वाढवला तर सगळं पुसट होतं. मी सत्तरवर थांबलो. दुसरं म्हणजे फॉन्ट ठळक आणि मोठा, रिझोल्यूशन ८०० बाय ६००. शिरोरेषा दोन-तीन ओळी जाड झाली की शांत होते. १०२४ बाय ७६८ घेता येतं, पण वाचता येत नाही. एवढं करूनही बातमी वाचायला हा टीव्ही बरा नाहीच. मथळे, व्हिडिओची यादी, सबटायटल, बस्स.

व्हिडिओला मात्र तोड नाही. ब्राउझरमध्ये यूट्यूब लावलं की प्रोसेसर धापा टाकतो, म्हणून एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये ४८०पीवर लावतो. पडद्याला ओळीच ५७६, जास्त घेऊन करणार काय? डेटाही वाचतो. सेकंदाला पंचवीस चित्रांचे जुने कार्यक्रम लोण्यासारखे चालतात. तीसवाल्यांत खाली सरकणारी बातम्यांची पट्टी थोडी अडखळते. आवाज वेगळ्या वायरने टीव्हीच्या स्पीकरला दिलाय. आम्ही पूर्व भागात राहतो, शेजारी यंत्रमागांचा खडखडाट असतो, आणि त्याला पुरून उरणारे स्पीकर त्या डब्यातच आहेत.

कुरबुरी आहेत. केबलची तार आणि कॉम्प्युटर एकाच वेळी जोडले तर पडद्यावरून एक फिकट आडवा पट्टा सावकाश वर सरकत राहतो. दोन्हीकडच्या अर्थिंगचं भांडण, केबल काढली की गेलं. वायर जोडताना दोन्ही प्लग बोर्डातून काढा, मी एकदा झिणझिण्या खाल्ल्यात. झाडताना आजीच्या हातून पिन हलली आणि तसाच कॉम्प्युटर सुरू केला तर कार्डाला टीव्ही सापडत नाही. यासाठी ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कर्नलच्या ओळीत टीव्ही-१ सक्तीने चालू ठेवण्याची सूचना लिहिली. एक्सरँडरच्या तिन्ही सेटिंग रीस्टार्टला विसरल्या जातात, त्या एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून लॉगिनला लावल्यात. सस्पेंडमधून परत आल्यावर टीव्ही कधीकधी काळाच राहतो, त्यावर माझ्याकडे औषध नाही, सरळ बंद करतो. मे महिन्यात त्रेचाळीस अंशांत हीटसिंकला हात लावता येईना, तेव्हा केसचं झाकण काढून ठेवलं. ते अजून लावलेलं नाही.

आणि एक राहिलंच. कॉम्प्युटर सुरू होताना पहिली काही सेकंदं चित्र अजूनही काळंपांढरं असतं. लिनक्स जागं व्हायच्या आधी कार्डाचा स्वतःचा बायोस अमेरिकी एनटीएससी पद्धतीत बोलतो, तिचे रंग माझ्या टीव्हीला कळत नाहीत, आणि तिथे माझं काही चालत नाही. आजीनं त्याचा अर्थ लावून ठेवलाय. मी बटण दाबलं की ती स्वयंपाकघरातून विचारते, "रंग आला का रे?" आला म्हटलं की मगच हात पुसत बाहेर येते.