शाळेच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप: दीड वर्ष वापरल्यावरचा रिव्ह्यू

लोक फोनचा, हेडफोनचा रिव्ह्यू लिहितात, मी व्हॉट्सॲप ग्रुपचा लिहितेय, आणि तोही एकाच कामापुरता. शाळेतल्या पोरापोरींना वीस-बावीस वर्षांनी गाठायचं आणि मधल्या काळात आपली कुठे कुठे काय काय वाट लागली, कोणावर जीव जडला, नोकरीचं काय झालं हे सांगायचं, तर त्याला हा प्रकार कितपत चालतो एवढंच. ऑफिसच्या, नातेवाईकांच्या ग्रुपबद्दल इथे काही मिळणार नाही. आधीच सांगून टाकते, माणसं जमवायला पाचपैकी पाच आणि बोलायला पाचपैकी दोन, तेही थोडं हात सैल सोडून.

जमवण्याचं खरंच कौतुक आहे. आमच्यातल्या काही जणांनी आधी ऑर्कुटवर एकमेकांना शोधलेलं, टेस्टिमोनियल, म्हणजे प्रोफाइलवर कौतुकाच्या चार ओळी, लिही ना लिही ना करून मागे लागायचो, पण ते 2014 च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं आणि तोवर आम्हीही पांगलो होतो. फेसबुकवर सगळे एकमेकांच्या लिस्टमध्ये होते पण वाढदिवसाच्या पुढे गाडी जात नव्हती. ग्रुप मात्र पाच जणांनी सुरू झाला आणि नवव्या दिवशी 43. एका ग्रुपमध्ये पूर्वी 256 माणसं बसायची, आता 1024 बसतात, म्हणजे आमचीच काय, अ, ब, क सगळ्या तुकड्या आणि वर शिक्षक घातले तरी जागा उरेल. ज्यांनी सेटिंगमध्ये अनोळखी लोकांना ॲड करायला बंदी घातलीय त्यांना वेगळं आमंत्रण पाठवावं लागतं, आमच्या दोघी त्यात राहिल्याच होत्या, कारण अनोळखी नंबर बघून त्यांनी मेसेज उघडलाच नाही.

आता ओळखण्याची गंमत. हॅरी बारिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये यावर अभ्यास छापलाय, शाळा सोडून तीसेक वर्षं झालेल्या लोकांनासुद्धा फोटोतले वर्गमित्र दहापैकी नऊ वेळा ओळखता आले, पण फोटो न दाखवता नावं सांगा म्हटल्यावर मात्र त्यांची तारांबळ उडाली. अगदी बरोबर आहे, चेहरा दिसला की मला बाक, वहीचं कव्हर, पेनाचा रंग सगळं आठवतं. पण डीपीला सूर्यास्त किंवा स्वतःचं तान्हं बाळ लावलं असेल तर बारिक तरी काय करणार. एकाशी मी तीन दिवस भलताच माणूस समजून बोलत होते, आणि त्यालाही मी कोण ते माहीत नव्हतं हे नंतर कळलं.

तर मग बोलणं. इथे घोडं अडतं. ग्रुपमध्ये आल्या आल्या प्रत्येकाने आपली माहिती टाकायची असं ठरलं आणि धडाधड प्रमोशनं, घरं, मुलांची बक्षिसं, परदेश असं सुरू झालं. आपटलेलं कोणीच सांगेना. माझी नोकरी जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मी प्रामाणिकपणे "सध्या घरी आहे, नोकरी गेली" असं टाकलं, वरच्या मेसेजमध्ये कोणीतरी डायरेक्टर झालेला दिसला, आणि बदलून "सध्या कन्सल्टिंग करतेय" केलं. मेसेज दुरुस्त करायला 15 मिनिटं मिळतात, मला चार पुरली. त्यावर सतरा टाळ्या पडल्या. कन्सल्टिंग म्हणजे मी काय करत होते तर बहिणीचा सीव्ही नीट करून देत होते.

यात ॲपचा दोष नाही हो, 43 जणांसमोर उभं राहून कोण सांगेल की लग्न मोडलं. वर्गातसुद्धा शंका असेल तर हात वर करा म्हटल्यावर कोण करायचं?

पोल हे फीचर मात्र जपून वापरा. आमच्या मॉनिटरने (तो अजूनही मॉनिटरच आहे, फक्त आता त्याला ॲडमिन म्हणतात) रात्री अकरा वाजता पोल टाकला, शाळेत वर्गातल्या कोणावर मन जडलं होतं का, होय, नाही, अजूनही. पोलमध्ये कोणी काय निवडलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं हे निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. दोघांनी "अजूनही" दाबलं. एकाने पाच मिनिटांत मत काढून घेतलं पण स्क्रीनशॉट काढणारे काय कमी असतात का! दुसरा बिनधास्त राहिला, मग सगळे त्याच्यावर तुटून पडले, नाव सांग नाव सांग, आणि तो म्हणाला माझी बायको याच वर्गातली आहे रे, ती पण ग्रुपमध्ये आहे, विसरलात का. विसरलो होतो खरंच.

डिलीटचंही तसंच. सगळ्यांसाठी मेसेज पुसायला आता दोन दिवसांहून जास्त वेळ मिळतो, पण मागे "हा मेसेज डिलीट केला" अशी पाटी उरते आणि मूळ मेसेज वाचायला जेवढे आले नसते तेवढे ती पाटी बघून विचारायला येतात. ग्रुप सोडणं मात्र बरं केलंय, 2022 पासून फक्त ॲडमिनला कळतं. पण आमचा ॲडमिन मॉनिटर. एक मुलगी घटस्फोटावरचा एक फालतू जोक आल्यावर गुपचूप बाहेर पडली आणि या शहाण्याने ग्रुपवर विचारलं, अमुक का गेली, कोणी काही बोललं का. शिवाय सोडून गेलेल्यांची नावं 60 दिवस यादीत दिसत राहतात, म्हणजे गुपचूप म्हणजे तसं अर्धवटच.

ती मुलगी म्हणजे माझी बाकावरची. मला कारण माहीत नव्हतं, मी आपलं "अगं गेलीस का?" एवढंच पाठवलं. दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी व्हॉइस मेसेज आला, अकरा मिनिटांचा.

या रिव्ह्यूमध्ये खरी शिफारस करायची तर याचीच करेन. माइकचं बटण वर सरकवून लॉक करा आणि बोलत सुटा, मध्ये थांबता येतं, पाठवायच्या आधी ऐकता येतं. समोरचा चेहरा नसतो म्हणून लाज कमी वाटते, आणि टाइप करायचं नसतं म्हणून वाक्य सजवलं जात नाही. तिचा श्वास, मध्येच दार वाजल्याचा आवाज, "थांब हं एक मिनिट", हे सगळं त्यात येतं. दीडपट, दुप्पट वेगाने ऐकायची सोय आहे, ऑफिसच्या लोकांचे मी तसेच ऐकायचे, हिचा नाही ऐकला. मीही मग नोकरीचं खरं सांगितलं, नऊ मिनिटं, कन्सल्टिंगसकट. त्यावर ती इतकी हसली की पुढच्या मेसेजची पहिली वीस सेकंदं नुसतं हसणंच आहे.

एक तक्रार आहे आणि ती माझ्या वेंधळेपणाची आहे. 2023 च्या शेवटी एकदाच ऐकता येणाऱ्या व्हॉइस मेसेजची सोय आली, एकदा ऐकला की संपला. घटस्फोट का झाला हे तिने मला त्यात पाठवलं. मी ते चिन्ह न बघता बसमध्ये उभ्या उभ्या लावला, निम्मं ऐकलं तोवर कंडक्टर आणि दोन शाळकरी पोरं यांचं जोरात वाजलं, मी फोन कानाला दाबून धरला तरी शेवटचं काही ऐकूच आलं नाही, आणि परत दाबायला गेले तर संपलेलं. इतकं ओशाळल्यासारखं झालं. रात्री शेवटी लिहिलं, सॉरी गं, शेवटचा भाग ऐकू आला नाही.

ती म्हणाली, बरं झालं, तेवढंच खोटं होतं त्यातलं. आणि फोन केला.