जुनं कोरीव गॉथिक ओक घ्यायचंय? मध्ययुगीन, व्हिक्टोरियन इंग्लिश की फ्रेंच

इंग्लंड-युरोपात राहताय आणि हॉलमध्ये एक तरी जुना कोरीव ओक लाकडाच्या फर्निचरचा पीस हवाच असं डोक्यात असेल, तर आधी हे बघा की समोर दाखवतायत ते गॉथिक आहे तरी का. सिंहाची तोंडं, पिळाचे खांब, शिकारीचे देखावे, उलटी टांगलेली बदकं असं कोरलेलं असेल तर ते रेनेसाँ, म्हणजे गॉथिकनंतर आलेल्या धाटणीचं, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो. गॉथिक म्हणजे टोकदार कमानी, चर्चच्या खिडक्यांवर असते तशी जाळी, तीन-चार पाकळ्यांची नक्षी, आणि लिननफोल्ड, म्हणजे कापडाच्या उभ्या घड्या पडल्यात असं वाटावं असं कोरलेलं पॅनल. ऑनलाइन लिस्टिंगमधला बराच माल इथेच बाद होतो.

आता खरं 15व्या-16व्या शतकातलं. बघायला भारीच, पण अख्खं कपाट त्या काळातलं मिळणं जवळपास विसराच, जे टिकलंय त्यात पेटारे आणि सुटी पॅनल्स जास्त, आणि चांगले नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट किंवा पॅरिसच्या क्लूनी म्युझियममध्ये बसलेत. शिवाय 19व्या शतकात लंडनच्या वॉर्डर स्ट्रीटवर एक धंदा जोरात चालायचा, जुन्या लाकडाचे आणि कोरीव कामाचे तुकडे जमवायचे आणि त्यातून 'पुरातन' कपाटं उभी करायची. म्हणजे लाकूड खरं जुनं, नक्षीही कदाचित खरी जुनी, फक्त कपाट म्हणून ती वस्तू कधी नव्हतीच! हे ओळखायचं असेल तर पुढची नक्षी सोडा, मागे आणि खाली टॉर्च मारा. किड्याची भोकं गोल आणि बारीक दिसली तर ठीक, पण पृष्ठभागावर लांबट उघडे चर दिसले तर किडा आधी लागला आणि लाकूड नंतर कापलं, म्हणजे दुसऱ्या कशातलं तरी काढून इथे वापरलंय. करवतीच्या खुणा अर्धगोल असतील तर ते गोल पात्याच्या मशीनचं काम, मध्ययुगात कुठलं मशीन. आणि लाकूड आडवं आकसतं, त्यामुळे शेकडो वर्षांच्या जोडातली लाकडी खुंटी थोडी वर आलेली असते, सगळं एकदम सपाट आणि गुळगुळीत असेल तर मी तरी त्या किमतीला हात लावणार नाही.

व्हिक्टोरियन इंग्लिश गॉथिक, म्हणजे 19व्या शतकात इंग्लंडमध्ये पुन्हा आलेलं गॉथिक, हा माझा आवडता प्रकार, त्यामुळे थोडा पक्षपात होणार. 1834 च्या आगीत लंडनचं जुनं पार्लमेंट जळालं, नवीन इमारत चार्ल्स बॅरीची पण आतली सजावट आणि फर्निचर ऑगस्टस प्युजिनचं. हा माणूस जेमतेम 40 वर्षं जगला (1812 ते 1852), पण त्याचं म्हणणं पक्कं होतं की जोड लपवायचा नाही, दाखवायचा, नक्षी बांधणीला सजवण्यापुरती, उगाच चिकटवायची नाही. त्यामुळे या वळणाच्या टेबलांना आरपार आलेले जोड, कडेला तासलेल्या धारा, खाली तिरके आधार असं दिसतं, कोरीव काम कमी पण वस्तू दणकट, रोज जेवायला-लिहायला वापरली तरी चालते. प्युजिनच्या स्वतःच्या डिझाइनचा कागदोपत्री पुरावा असेल तर किंमत आकाशात जाते, नुसतं 'प्युजिन स्टाइल' म्हटलं तर मात्र त्या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नका. मुंबईकरांना हे वळण डोळ्यांना ओळखीचं वाटेल, राजाबाई टॉवर आणि सीएसएमटी याच लाटेतले, मध्ययुगाची आठवण काढत 19व्या शतकात बांधलेले.

19व्या शतकातला फ्रेंच आणि बेल्जियन माल म्हणजे याच्या उलट, नक्षी भरभरून, कमानीत कमान, वर कंगोरे, मध्ये संत उभे. फ्रान्समध्ये तेव्हा व्हियोले-ल-द्युक हा वास्तुकार पॅरिसचं नोत्र दाम चर्च आणि पियरफोंचा किल्ला दुरुस्त करत होता, मध्ययुगाची हवा सगळीकडेच होती. दोन भागांचे बुफे, म्हणजे जेवणाच्या खोलीतली भांड्यांची कपाटं, यात बरेच मिळतात, वरचा भाग सुटा होतो त्यामुळे जिन्यातून नेता येतात, हा मोठा फायदा. तोटा असा की समोरचं काम झकास आणि मागच्या फळ्या कधीकधी अगदीच हलक्या, आणि धूळ पुसताना जीव जातो. गडद लाकडाच्या जुन्या फर्निचरचे भाव गेल्या वीसेक वर्षांत बरेच पडलेत, म्हणून लिलावात असा बुफे कधी कधी शोरूमच्या नव्या कपाटापेक्षा स्वस्तात जातो.

माझं मत विचाराल तर रोजच्या वापराला इंग्लिश, भिंत भरायला फ्रेंच, आणि मध्ययुगीनच हवं असा हट्ट असेल तर एक लिननफोल्ड पॅनल घेऊन भिंतीवर लावा, कपाटाच्या भानगडीत पडू नका.

काहीही घेतलं तरी रेडिएटरला चिकटून ठेवू नका. पॅनल खाचेत सुटं बसवलेलं असतं ते हवेप्रमाणे हलावं म्हणूनच, ते गोंदाने चिकटवलं की थंडीत हीटिंग सुरू झाल्यावर फाटतं. खिळ्याभोवती निळसर काळे डाग दिसले तर घाबरू नका, ओकमधल्या टॅनिनची लोखंडाशी रिअ‍ॅक्शन होते. पण भोकांखाली ताजा पिवळसर भुसा सांडलेला दिसला तर किडा अजून आत आहे, ट्रीटमेंट झाल्याशिवाय घरात घेऊ नका. आणि हो, उंची, दाराची रुंदी, जिन्याचं वळण हे सगळं बोली लावायच्या आधी मोजा, ओक जड असतो, दोन मित्र बोलावून काम भागेल असं समजू नका.