सेल्फची तक्रार आणि डीटी-८३०डी मल्टिमीटर: कुठे चालतो, कुठे फसवतो

दोन-तीनशे रुपयांचा हा पिवळा मीटर गाडीच्या सेल्फची (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरची) तक्रार शोधायला पुरतो. फक्त चकती योग्य जागी हवी. बहुतेकांचा हात आधी बझरवर (तार जोडलेली असली की वाजणाऱ्या खुणेवर) जातो आणि तिथेच फसगत होते. केबलच्या आतल्या तारा कुजून दोन-चारच धड उरल्या, तरी बझर खुशाल वाजतो. ओहमवर हा मीटर ०.१ च्या खालचं काही दाखवत नाही. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ मात्र १०० अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे ०.०१ ओहमचा खराब जोडही १ व्होल्ट गिळतो.

त्यामुळे कामाची रेंज डीसी व्होल्टचीच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी २० च्या रेंजवर १२.६ दाखवायला हवी, १२.२ म्हणजे निम्मी, आधी चार्ज करा. मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, फ्युएल पंपाचा फ्यूज बाहेर (पाइपातल्या उरलेल्या पेट्रोलवर इंजिन एकदा सुरू होऊन बंद पडेल, पडू द्या). दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा, एका वेळी पाच सेकंदांहून जास्त नाही. बॅटरी ९.६ च्या खाली जायला नको.

आता चकती २००० मिलिव्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरं सेल्फच्या ज्या जाड बोल्टला बॅटरीची केबल येते त्यावर. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, क्लॅम्पवर नाही. नाहीतर दोघांमधली पांढरी बुरशी मापातून सुटते. सेल्फ फिरताना ५०० च्या आत हवं. मग मायनस खांब ते सेल्फची बॉडी: २०० च्या आत. इथे आकडा फुगला तर अर्थची पट्टी (मायनस खांब गाडीच्या बॉडीला आणि इंजिनला जोडणारी) सोडवून घासा. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हेच जास्त सापडतं. सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या, चावीने चालणाऱ्या जाड स्विचच्या) दोन जाड बोल्टांमध्ये मात्र आधी २० ची रेंज ठेवा, कारण सेल्फ बंद असताना तिथे पूर्ण १२ व्होल्ट असतात.

नुसतं 'टक' होतं किंवा तेही नाही? सोलेनॉइडची बारीक वायर तपासा. चावी फिरवल्यावर तिथे जवळपास बॅटरीइतके व्होल्ट आले नाहीत, तर दोष रिले, क्लच स्विच किंवा चावीच्या स्विचकडे. सेल्फ उगाच उतरवू नका.

मीटरच्या मुख्य उणिवा दोन. सोबतच्या वायरी आखूड आणि तकलादू. मगरचिमटे आणि दोन मीटर जास्तीची वायर लावल्याशिवाय सेल्फपर्यंत पोचत नाहीत. दुसरं, आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की मीटर आकडे वाढवून सांगतो, आणि मेलेली बॅटरी ठणठणीत वाटते.

१० अँपिअरच्या भोकात वायर घालून सेल्फचा करंट मोजायला जाऊ नका. त्या भोकाला फ्यूज नाही, वायरी जळतील. केबली ठीक, बॅटरी चार्ज, तरीही सेल्फ जड फिरतो, तेव्हा कार्बन (मोटरला वीज पोचवणारे तुकडे) घासलेत की बुश (दांडा ज्यात फिरतो ती बांगडी) जाम आहे हे करंटवरून कळतं. त्यासाठी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लागतो. विकत घेताना डीसी अँपिअर मोजतो ना, हे डब्यावर वाचून घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.