रामोजी फिल्म सिटी: निर्मात्याच्या नजरेने बघण्याची सहल

हैदराबादला सहकुटुंब जाणारी मराठी मंडळी चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग संग्रहालय झालं की एक अख्खा दिवस रामोजी फिल्म सिटीसाठी राखून ठेवतात. दिवस वाया जात नाही, पण इथली सगळ्यात मोलाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पाळणे आणि नाचगाणी कुठल्याही मनोरंजन उद्यानात मिळतात. सिनेमाचा खर्च नेमका कुठे गळतो हे ओळखून एका निर्मात्याने त्यावर काढलेला तोडगा इथे सुमारे १,६६६ एकरांवर उभा आहे. जगातलं सर्वांत मोठं स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

हे निर्माते म्हणजे रामोजी राव (१९३६-२०२४), आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्यातल्या पेदपारुपूडीचे. सिनेमात ते उशिरा आले. आधी १९६२ मध्ये मार्गदर्शी चिट फंड, १९७४ मध्ये विशाखापट्टणमहून 'ईनाडू' हे तेलुगू दैनिक, मग प्रिया लोणची, आणि १९८३ मध्ये उषाकिरण मूव्हीज ही चित्रपट निर्मिती संस्था. नट मोठा असला की सिनेमा चालतो, या हिशेबावर त्यांनी फारशी भिस्त ठेवली नाही. १९८५ च्या 'मयूरी' या तेलुगू सिनेमात त्यांनी मुंबईच्या सुधा चंद्रन यांना त्यांच्याच आयुष्यावरच्या भूमिकेत आणलं. अपघातात पाय गमावून जयपूर फूटवर पुन्हा नाचलेल्या या मुलीला तोवर सिनेमाचा अनुभव नव्हता. त्याच वर्षीचा 'प्रतिघटना' हिंदीत 'प्रतिघात' म्हणून आला, तो आपल्या एन. चंद्रांनी दिग्दर्शित केला. २००० मधल्या 'चित्रम' आणि 'नुव्वे कावाली' या दोन्ही सिनेमांत नवे चेहरे होते आणि दोन्ही तुफान चालले.

सिनेमा उषाकिरणने काढायचा, मयूरी या त्यांच्याच वितरण संस्थेने तो थिएटरांत लावायचा, 'सितारा' या सिनेसाप्ताहिकाने त्यावर लिहायचं, आणि १९९५ पासून ईटीव्हीने तो दाखवायचा, अशी ती साखळी. त्यात कमी होती चित्रीकरणाच्या जागेची. ती १९९६ मध्ये फिल्म सिटीने भरून काढली. हे एवढं डोक्यात ठेवून आत शिरलात तर सहलीला वेगळाच अर्थ येतो.

आता प्रत्यक्ष सहल. फिल्म सिटी शहरापासून तीसेक किलोमीटरवर, विजयवाडा महामार्गालगत आहे. स्वस्तातला मार्ग म्हणजे मेट्रोने एल. बी. नगर आणि तिथून बस किंवा रिक्षा. तिकिटाचे दर आणि पॅकेज हंगामानुसार बदलतात, तेव्हा निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर बघून तिथेच आरक्षण करावं. मुख्य दरवाजापासून आतलं 'युरेका', म्हणजे सहल जिथून सुरू होते ती जागा, बरंच लांब आहे आणि तिथवर त्यांचीच बस नेते. येता-जाता या बसमध्ये जाणारा वेळ हिशेबात धरा. सकाळी उघडायच्या वेळेलाच पोचावं. अकराला पोचलेल्या माणसाचं निम्मं बघायचं राहून जातं.

बहुतेकांची चूक होते ती क्रमात. मुलं युरेकाजवळच्या खेळण्यांकडे धावतात, आईवडील रांगेत उभे राहतात आणि सेट दाखवणारी बस दुपारच्या उन्हात घ्यावी लागते. याच्या उलट करा. पोचल्याबरोबर तिथल्या माणसांकडून वाइल्ड वेस्ट स्टंट शो, 'स्पिरिट ऑफ रामोजी' आणि मूव्ही मॅजिक यांच्या वेळा विचारून घ्या आणि लगेच सेट दाखवणारी लाल बस पकडा. बस उघडी असते, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये दुपारी बारानंतर अक्षरशः भाजून निघायला होतं. टोपी हवीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम उत्तम, पण नाताळाची सुट्टी आणि शनिवार-रविवार टाळावेत.

बसमधला गाइड कुठल्या सिनेमाचं कुठलं गाणं कुठे झालं ते सांगत जातो. ते ऐका, पण नजर इमारतींवर ठेवा. विमानतळ, रेल्वे स्टेशन, परदेशी वाटणारी गल्ली, हवामहल, मुघल बाग, जपानी बाग. एकाच इमारतीच्या दोन बाजूंना दोन वेगळे दर्शनी भाग दिसतात: एकीकडून एक शहर, वळसा घातला की दुसरंच. बस थांबते तिथे उतरून सेटच्या मागच्या बाजूला डोकवा. जिथे हात लावू देतात तिथे खांबावर टिचकी मारा, आत पोकळ वाजेल. फायबर, प्लास्टर आणि प्लाय यांचं हे काम लांबून दगडाचं वाटतं, कारण रंगकाम कॅमेऱ्याच्या अंतराचा विचार करून केलेलं असतं. या रचनेमागे नितीश रॉय यांच्यासारखा कसलेला कला दिग्दर्शक आहे. 'बाहुबली'चे सेट बघायला मिळतात तिथे गर्दी सर्वांत जास्त असते. फोटोच काढायचे असतील तर तिथे थोडा जास्त वेळ ठेवा.

यातलं अर्थकारण असं. शहरात शूटिंग करताना युनिट एका जागेहून दुसऱ्या जागी हलवायचं म्हणजे जनरेटर, लाइटच्या गाड्या, मेकअप व्हॅन, जेवणाचा टेम्पो, परवानग्या आणि बघ्यांची गर्दी. बारा तासांच्या शिफ्टमधले तीन तास त्यात गेले, तर त्या दिवसाच्या खर्चाचा चौथा हिस्सा एकही शॉट न मिळता संपला. इथे विमानतळावरून स्टेशनवर जायला काही मिनिटं पुरतात, वाट अडवायला पोलीस लागत नाहीत आणि युनिट राहायला आवारातलीच हॉटेलं आहेत. निर्मात्याला पटकथेइतकंच याचंही महत्त्व असतं.

मूव्ही मॅजिक चुकवू नका. प्रेक्षकांतून एका मुलीला पुढे बोलावून 'शोले'मधली बसंती करतात. ती टांग्यात बसते, टांगा जागेवरच हिंदकळतो, समोर घोडा नसतो. पुढच्या दालनात प्रेक्षकांतल्याच काही जणांकडून टापांचे आणि चाकांचे आवाज काढून घेतात. शेवटच्या दालनात आधीच चित्रित केलेले तुकडे आणि हे आवाज जोडून पडद्यावर पाठलाग दाखवतात. चित्रीकरण, ध्वनी आणि संकलन यांत कोणाचं काम कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं, हे दहावीच्या मुलालाही एका फेरीत कळतं. दुसऱ्या दालनात पुढे उभे राहा, खरी गंमत तिथेच आहे.

पक्षी उद्यान आणि फुलपाखरांची बाग बरी आहे, लहान मुलं रमतात. 'साहस' हा साहसी खेळांचा भाग एकाच दिवसात बसवायचा हट्ट धरू नका. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, म्हणून तान्ह्या बाळाचं किंवा पथ्याचं खाणं असेल तर आधी विचारून ठेवावं. आतलं जेवण ठीक, पण चौघांच्या कुटुंबाला तिकिटांखेरीज तो खर्चही वेगळा धरावा लागतो. प्रत्यक्ष शूटिंग आणि नटनट्या दिसतील या आशेने येणारे मात्र नाराज होतात. काम चालू असलेल्या भागात पाहुण्यांना सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मराठी प्रेक्षकाचं या आवाराशी आणखी एक नातं आहे. २००० साली सुरू झालेल्या ईटीव्ही मराठीच्या बातम्या इथूनच प्रसारित होत. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या मजकुरावर हैदराबादेत बसून मराठी पत्रकार रात्रंदिवस काम करत. आज मराठी वृत्तवाहिन्यांवर दिसणाऱ्या अनेकांचा पाया तिथे घातला गेला. 'चार दिवस सासूचे' ही मालिका नोव्हेंबर २००१ ते जानेवारी २०१३ अशी अकरा वर्षं याच वाहिनीवर चालली. २०१५ मध्ये वाहिनीचं नाव कलर्स मराठी झालं. सहलीत हा इतिहास कुठे सांगितला जात नाही. महाराष्ट्रातून इतके पाहुणे येत असताना त्याचं छोटंसं दालन इथे असायला हवं.

राहायचं की नाही? मुलं लहान असतील किंवा वडीलधारी सोबत असतील तर आवारातल्या तारा किंवा सितारा हॉटेलमध्ये एक रात्र काढून सहल दोन सकाळींत वाटून घ्यावी. सितारा महाग, तारा त्याहून आवाक्यातलं. मोठ्यांचाच गट असेल तर एक दिवस पुरतो. संध्याकाळी सगळे पाहुणे एकदमच परतीच्या बसकडे लोटतात, त्यामुळे शेवटचा कार्यक्रम संपायच्या दहा मिनिटं आधी उठा.