न्यूरल ॲम्प मॉडेलर: गणपतीपासून आत्तापर्यंतचा अनुभव

गेल्या गणपतीच्या आधीपासून मी गिटारचा खरा ॲम्प वापरायचं जवळपास सोडलंय. घरी लॅपटॉपवर न्यूरल ॲम्प मॉडेलर, म्हणजे सगळे ज्याला नॅम म्हणतात ते, आणि गिगला एक छोटं चिनी पेडल जे नॅमच्या फाइल्स उघडतं. पेडलचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हा रिव्ह्यू त्याचा नाहीच, आणि तुम्ही हे वाचेपर्यंत त्याच किमतीत दुसरं काहीतरी आलेलं असेल.

आधी पटकन सांगतो नॅम काय आहे. खऱ्या ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, स्टीव्हन ॲटकिन्सन नावाच्या माणसाने सुरू केलेला प्रोजेक्ट, ओपन सोर्स, फुकट. एक ठरलेली टेस्ट ऑडिओ फाइल ॲम्पमधून वाजवायची, बाहेर येणारा आवाज रेकॉर्ड करायचा, आणि आत काय गेलं, बाहेर काय आलं यावरून न्यूरल नेटवर्क स्वतःच शिकतं. यालाच कॅप्चर म्हणतात. आतल्या सर्किटबद्दल त्याला काडीची माहिती नसते. ट्रेनिंगला भारी कॉम्प्युटर पण लागत नाही, गूगल कोलॅबवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन कॉम्प्युटरवर, फुकट होतं. मित्राकडे जुना फेंडर ट्यूब ॲम्प आहे, काकांनी अमेरिकेतून आणलेला, ११० व्होल्टचा, त्यामुळे जाईल तिथे सोबत दगडासारखा जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर न्यावा लागतो. सोसायटीत तो मोठ्या आवाजावर लावणं शक्यच नाही म्हणून जॅमरूममध्ये नेऊन कॅप्चर केला. एरर, म्हणजे खऱ्या आणि मॉडेलच्या आवाजातला फरक, ०.०१ च्या खाली आली. हेडफोनवर ॲम्पच्या मालकालाच ऐकवलं तर तो म्हणाला यात खरा कुठला ते सांग आधी, मग बोलतो.

म्हणजे आवाजाबद्दल वाद नाहीच. प्रश्न सगळे आवाजाच्या आजूबाजूचे आहेत.

सगळ्यात पहिला म्हणजे इनपुट लेव्हल. यावर कोणी नीट बोलत नाही आणि नव्वद टक्के लोकांचं "नॅम फिझी (चरचरीत) वाटतं, जास्तच डिस्टॉर्ट होतं" हे रडगाणं इथूनच येतं असं माझं ठाम मत आहे. खऱ्या ॲम्पला गिटारमधून जेवढे व्होल्ट जातात तेवढेच मॉडेलला "वाटले" पाहिजेत, आणि प्रत्येक ऑडिओ इंटरफेसचं (गिटार लॅपटॉपला जोडायच्या डबीचं) इनपुट वेगळ्या लेव्हलला फुल होतं, त्यामुळे एकच फाइल माझ्याकडे क्रंच (हलकी फाटलेली) वाजते आणि तुमच्याकडे हाय गेन (पूर्ण फाटलेली). आपण सवयीने इंटरफेसचा गेन वाढवून सिग्नल हिरव्या-पिवळ्यापर्यंत आणतो, गाणं रेकॉर्ड करायला ते बरोबर आहे पण इथे ते ॲम्पच्या आधी बूस्टर पेडल लावल्यासारखं होतं. मी आता इंटरफेसचा गेन पूर्ण खाली ठेवतो, त्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये इन्स्ट्रुमेंट इनपुटचा कमाल आकडा डीबीयूमध्ये (सिग्नलच्या लेव्हलचं एकक) दिलेला असतो तो बघतो, आणि प्लगइनच्या सेटिंगमध्ये कॅलिब्रेशनच्या जागी टाकतो. कॅप्चर करणाऱ्याने पण त्याचा आकडा फाइलमध्ये भरलेला असेल तर बाकीचं गणित प्लगइन करतं. हे केल्यावर गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की टोन क्लीन व्हायला लागला, जसा ॲम्पवर होतो तसा. त्याआधी मला नॅम फक्त बरं वाटायचं.

लेटन्सीचा, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराचा, बाऊ करू नका. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे दीड मिलिसेकंद सुद्धा नाही, येऊन-जाऊन आणि कन्व्हर्टर धरून थोडं वाढतं. ॲम्पपासून तीन मीटर लांब उभं राहिलात तरी आवाज कानापर्यंत यायला साधारण नऊ मिलिसेकंद लागतात आणि त्याबद्दल आजपर्यंत कुणी तक्रार केलेली मी ऐकली नाही. फक्त जुना लॅपटॉप असेल तर स्टँडर्ड मॉडेल ६४ वर कडकड करतं, तिथे लाइट किंवा फेदर या छोट्या साइजची फाइल घ्या.

दुसरी गोष्ट, जी ज्याला चालते त्याला चालते: कॅप्चर म्हणजे फोटो. ॲम्पचा गेन पाचवर असताना काढला असेल तर तो पाचवरचाच ॲम्प आहे. प्लगइनमध्ये बेस-मिडल-ट्रेबल आहेत पण ते मागून लावलेलं साधं ईक्यू, त्या ॲम्पचा टोनस्टॅक (त्याच्या स्वतःच्या टोन नॉबचं सर्किट) नव्हे. लाइन सिक्सच्या हेलिक्स किंवा फ्रॅक्टलच्या ॲक्स-एफएक्ससारख्या मॉडेलरमध्ये सर्किटच मॉडेल केलेलं असल्यामुळे नॉब फिरवला की ॲम्पसारखं वागतं, ज्यांना नॉबशी खेळायला आवडतं त्यांनी तिकडेच जावं. डिले, रिव्हर्ब, कोरस पण कॅप्चर होत नाहीत, ते वेगळे लावायचे. मी आयुष्यभर एकदा सेट केलेला ॲम्प हलवत नाही या जातीचा, त्यामुळे मला काही अडलं नाही.

आता थोडं ॲम्पची नक्कल करणाऱ्या यंत्रांच्या बाजारातल्या धावपळीबद्दल, कारण हे सगळं घेताना डोक्याचं भजं झालं होतं. लाइन सिक्सचा तो राजम्याच्या दाण्यासारखा लाल पॉड १९९८ चा. पहिला ॲक्स-एफएक्स आला २००६ ला. मग २०११ मध्ये केम्पर, ज्याने तुमचाच ॲम्प "प्रोफाइल" करायची कल्पना लोकांच्या डोक्यात घातली. २०१५ ला हेलिक्स. इथपर्यंत कसं, माणूस एक वस्तू घेऊन चार-पाच वर्षं शांत बसू शकायचा. मग २०२० च्या जानेवारीत फिनलंडच्या न्यूरल डीएसपीने क्वाड कॉर्टेक्स दाखवला, हातात यायला २०२१ उजाडलं, २०२२ ला इटलीच्या आयके मल्टिमीडियाचं टोनएक्स, पुढच्याच वर्षी त्याचं पेडल, २०२४ ला मुठीत मावणारं टोनएक्स वन, त्याच वर्षी केम्पर प्लेयर आणि नॅनो कॉर्टेक्स, २०२५ ला हेलिक्स स्टेडियम आणि त्यातही क्लोनिंगची, म्हणजे कॅप्चरचीच, सोय जाहीर. हेलिक्स फ्लोअर आला तेव्हा अमेरिकेत १,४९९ डॉलरचा होता, टोनएक्स वन साधारण १८० डॉलरला आलं. दोघांची तुलना होत नाही हे मान्य, एकात अख्खं पेडलबोर्ड आहे आणि दुसऱ्यात एक फूटस्विच, पण ॲम्पचा आवाज एवढ्यापुरतं बघितलं तर स्वस्तातला माणूस हरत नाही.

आणि माझ्या मते यातली खरी ढवळाढवळ नॅमने केली, कुठल्या कंपनीने नाही. क्वाड कॉर्टेक्सचं कॅप्चर टोनएक्समध्ये चालत नाही, टोनएक्सचं केम्परमध्ये नाही, प्रत्येकाने आपापली वाडी कुंपण घालून ठेवलीये. नॅमची फाइल कुणाच्या बापाची नाही. त्यामुळे चिनी कंपन्यांना आयतंच घबाड मिळालं, आणि बेसवाल्यांसाठी डार्कग्लाससारख्या नाव असलेल्या कंपनीने सुद्धा आपल्या ॲनाग्राम पेडलमध्ये नॅमला जागा दिली. म्हणून नवीन घेणाऱ्याला मी एकच विचारतो, त्यात बाहेरची फाइल जाते का? जात नसेल तर उद्या ते विकताना तुमच्या सगळ्या आवाजांना पण टाटा करावं लागेल.

स्वस्त पेडलमधली गोम मात्र ऐका. माझ्या पेडलचा प्रोसेसर लहान आहे, त्यामुळे ॲप आधी फाइल "कन्व्हर्ट" करतं म्हणजे खरं तर नेटवर्क छोटं करून घेतं. क्लीन आणि क्रंचला फरक कळत नाही, पण हाय गेनला पाम म्यूट केलं (तळहाताने तारा दाबून वाजवलं) की खालच्या तारेवर पिकचा ठोका जरा गुळगुळीत होतो, लॅपटॉपवर तीच फाइल कडक वाजते. बँडमध्ये ड्रम चालू झाले की हे कुणालाही ऐकू येत नाही, मला सुद्धा नाही. फोनवरचं ॲप मात्र वैताग आहे, कधी कनेक्ट होतं कधी नाही, गिगच्या दिवशी मी त्याला हात लावत नाही. सोबतच्या ॲडॉप्टरने इतका हम दिला की पहिल्याच आठवड्यात वेगळा आयसोलेटेड सप्लाय घेतला.

गिगला मंडपात किंवा हॉलमध्ये साऊंडवाला अजूनही विचारतो, "दादा, माइक कुठल्या ॲम्पला लावू?" त्याला डीआयची, म्हणजे पेडलमधून थेट मिक्सरला जाणारी, केबल दिली की तो माझ्यापेक्षा जास्त खूश. पण घरी हेडफोनवर बनवलेला टोन तिथे हमखास बोंबलतो, कारण कमी आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात म्हणून आपण ते वाढवून ठेवतो आणि पीएवर (हॉलच्या मोठ्या स्पीकरवर) तेच अंगावर येतं. गिगचे प्रीसेट मी जॅमरूममध्ये मोठ्या आवाजावरच सेट करतो, मिड थोडे जास्त ठेवतो. आणि कॅबचा आयआर, म्हणजे स्पीकर कॅबिनेट आणि माइकच्या आवाजाची फाइल, बदलून बघा आधी, ॲम्प बदलण्याआधी. एकच ॲम्प कॅप्चर वेगवेगळ्या आयआरमधून ऐकलंत तर कळेल की आपण महिनोनमहिने चुकीच्या फोल्डरमध्ये शोधत होतो. फक्त फाइल फुल रिगची असेल, म्हणजे कॅब आणि माइकसकट कॅप्चर केलेली, तर वर आयआर लावू नका, घोंगडीखालून वाजल्यासारखं येतं.

मित्राच्या फेंडरच्या ट्यूब आता म्हाताऱ्या झाल्यात, लवकरच बदलायच्या आहेत. त्याआधी आम्ही तो परत जॅमरूमला नेतोय, यावेळी गेनच्या प्रत्येक दोन आकड्यांवर एक कॅप्चर, कॅबशिवाय, कॅलिब्रेशनचा आकडा भरून. फाइल्स टोन३००० या कॅप्चर शेअर करायच्या साइटवर फुकट टाकतो, हव्या असतील त्यांनी घ्या आणि कशा वाजतात ते सांगा, खासकरून सिंगल कॉइल पिकअपची गिटार असलेल्यांनी.