१ जीबीचे बोर्ड आणि राखीव मेमरीची वाटणी

वरुड तालुक्यातील आमच्या संत्रा प्रतवारीच्या शेडमध्ये पट्ट्यावरून सरकणाऱ्या फळांचा रंग आणि आकार टिपण्यासाठी लिनक्सवर चालणारे एक स्वस्त बोर्ड आंबिया बहाराच्या हंगामात वापरले. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही. बोर्डाचा वेग पुरेसा आहे आणि कॅमेऱ्याची जोडणी पक्की आहे. खटकते ती मेमरीची वाटणी.

खोक्यावर १ जीबी लिहिलेले असले तरी मोकळी-वापरलेली मेमरी दाखवणारी ‘फ्री’ ही आज्ञा ७६८ एमबीपेक्षाही कमी आकडा दाखवते, कारण डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर कोणते भाग आहेत आणि कोणती मेमरी कोणासाठी, हे लिनक्सला सांगणाऱ्या फाइलमध्ये) २५६ एमबीचा भाग व्हिडिओ डीकोडरसाठी ‘नो-मॅप’ म्हणून राखून ठेवला आहे आणि अशा भागाला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हातही लावत नाही. आमच्या शेडमध्ये डीकोडरचे काहीच काम नाही. कॅमेऱ्याच्या वाट्याला मात्र सर्व उपकरणांनी मिळून वापरायचा १६ एमबीचा सीएमए साठा येतो, म्हणजे सलग मेमरी देण्यासाठी राखलेला साठा. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम, दर पिक्सेलला २ बाइट धरून, ४१,४७,२०० बाइटची होते, म्हणजे ४ केबीची १०१३ पेज (मेमरीचे ठरावीक तुकडे). आणि या चिपच्या कॅमेऱ्याला आयओएमएमयू, म्हणजे विखुरलेली पेज उपकरणाला सलग भासवणारा भाग, नसल्यामुळे ती सलगच लागतात. असे एकेका फ्रेमचे चार बफर घेतले की साठा काठोकाठ भरतो. इथरनेटच्या ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या प्रणालीने) त्यातूनच थोडी जागा आधी उचललेली असली, तर चौथा बफर मिळत नाही, लॉगमध्ये १०१३ पेजची मागणी -१२ (मेमरी अपुरी) ही चूक देऊन फसल्याची ओळ उमटते आणि मजूर क्रेट घेऊन पट्ट्याजवळ ताटकळत राहतात.

यावर उपाय आहे. कॅमेऱ्यासाठी ३२ एमबीचा वेगळा ‘शेअर्ड-डीएमए-पूल’ करून, त्याला ‘रीयूजेबल’ ठरवून, डिव्हाइस ट्रीतल्या कॅमेऱ्याच्या नोडमध्ये (नोंदीत) ‘मेमरी-रीजन’ने त्याचा संदर्भ द्यावा. ड्रायव्हर प्रोबच्या वेळी, म्हणजे उपकरण सुरू करताना, त्या भागाशी स्वतःला जोडून घेत नसेल, तर ही नोंद असून नसल्यासारखी ठरते आणि मागणी निमूटपणे सर्वसाधारण साठ्याकडेच जाते. या बोर्डाच्या ड्रायव्हरमध्ये ती जोडणी आहे, हे उत्पादकाचे श्रेय मानले पाहिजे. रीयूजेबल भाग एसटीतल्या राखीव आसनासारखा असतो: हक्काचा प्रवासी येईपर्यंत दुसरा कोणीही बसतो. मात्र पिन केलेली, म्हणजे जागेवरच खिळवलेली, पेज उठायला तयार नसतात, म्हणून कॅमेऱ्याचे बफर बोर्ड सुरू होताच घेऊन ठेवलेले बरे.

डीकोडरचा नोड आणि त्याच्यासाठी राखलेल्या भागाचा नोड, असे दोन्ही बंद करून ते २५६ एमबी मोकळे करता येतात. फर्मवेअरसाठी (चिपच्या स्वतःच्या अंगभूत प्रणालीसाठी) राखलेल्या लहान भागाला मात्र हात लावू नये. कर्नलने तिथे वाचायला जाताच बोर्ड कोसळू शकते. यांतला कोणता भाग कशासाठी आहे, हे पुस्तिकेत कुठेही दिलेले नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. डिव्हाइस ट्री बदलू शकणारा माणूस हाताशी असेल तर बोर्ड जरूर घ्यावे. नसेल तर २ जीबीचे घेऊनही हा १६ एमबीचा प्रश्न सुटणार नाही. पाचपैकी तीन तारे.